सरांच्या पोटातली मंडळी

भिंगारदिवे सर बोलायला लागले की वाटायचं, हा माणूस आपल्याशी नाही, आपल्या पाठीमागं उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलतोय. नोकरीत नवा असताना मी दोनतीनदा खरोखर मागं वळून पाहिलं. मागं दुधाचे कॅन होते. पुढं कळलं, सर कॅनमधल्यांशीच बोलत होते.

दुधात नजरेला न दिसणारी जी वस्ती असते तिला सर ‘मंडळी’ म्हणायचे. जंतू, बॅक्टेरिया असले शब्द ते तपासणीला कुणी साहेब आला तरच काढत. एरवी, मंडळी अजून उठली नाहीत, आज मंडळींना थंडी वाजतेय, घाई करू नका रावसाहेब, घाई केली की मंडळी रुसतात.

रावसाहेब म्हणजे मी. साहेबबिहेब कुणी नाही. आमच्या नगर जिल्ह्यात पोरगं पाळण्यातच साहेब होतं. भाऊसाहेब, अण्णासाहेब, बाळासाहेब. गल्लीत नुसतं ‘साहेब’ म्हणून हाक मारली तर दहा जण बाहेर येतील आणि त्यातल्या नवांच्या हातात शेणाची पाटी असेल. देवळाली प्रवऱ्याच्या पुढं, कालव्याच्या कडेला, उसाच्या मधोमध आमची डेअरी. तिथं सर प्रयोगशाळेत केमिस्ट आणि मी दूध संकलनावर सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं आणि शेतकऱ्यांना अक्कल शिकवायची. ती माझ्यापाशी किती होती ते पुढं येईलच.

सरांची प्रयोगशाळा दोन खिडक्यांची. हिवाळ्यात सकाळी कालव्यावरचं धुकं उठून थेट खिडकीला टेकायचं, आतून बॉयलरची वाफ यायची, आणि त्या दोन पांढऱ्यांच्या मधे पांढऱ्या कोटातले सर निळ्या नळ्यांसमोर उभे असायचे. दुधात निळं रसायन घालून नळ्या कोमट पाण्यात ठेवतात. मंडळी जितकी जास्त तितका तो रंग लवकर उडतो, दूध पुन्हा पांढरं होतं. दुसरा कुणी केमिस्ट घड्याळ लावून चहाला गेला असता. सर तिथंच थांबायचे, पूर्वेला तोंड करून उजाडायची वाट बघावी तसे. ओठांत चर्चमधलं एखादं गीत असायचं. सूर बेताचाच, पण नळ्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्या निळ्या रसायनाची बाटली मी पहिल्याच महिन्यात फोडली. हात मनगटाच्या वरपर्यंत निळा झाला. दुसऱ्या दिवशी मला मुलगी बघायला जायचं होतं. साबण, लिंबू, राख, रॉकेल, सगळं घासून झालं. सर म्हणाले, हात खिशात ठेवा, आणि कुणी विचारलंच तर खरं सांगून टाका. मी पहिलं ऐकलं. कांदेपोह्यांची बशी घ्यायला हात बाहेर काढावा लागला तेव्हा सांगितलं, की आमच्या डेअरीत जबाबदारीच्या माणसाला असा शिक्का मारतात. आतल्या खोलीतून कुणीतरी फिसकन हसलं. तीच सिंधू, माझी बायको. सासरवाडीत मी अजून ‘शिक्केवाले’ आहे.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चमचा असे. साधा स्टीलचा, पण दिवसातून चारदा उकळलेला. तो चमचा होता त्यांच्या स्वतःच्या विरजणासाठी. डेअरीच्या दह्याचं विरजण कंपनीकडून पाकिटातून पावडरीच्या रूपात यायचं, त्याच्याशी सरांचा संबंध सहीपुरता. त्यांचं खरं विरजण खिडकीतल्या काचेच्या बरणीत, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून. श्रीगोंद्याला त्यांची पहिली नोकरी होती, तिथल्या खानावळवाल्या बाईंकडून चमचाभर आणलेलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यातलं थोडं नव्या दुधात. एक दिवस खंड नाही. मार्थावहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, म्हणायच्या, माझं लग्न झालं तेव्हा सवत आधीच घरात येऊन बसली होती, आणि तिला तर रोज आंघोळ घालतात.

त्या दह्याची चव सांगणं अवघड आहे. आधी ओल्या नारळासारखं गोड लागायचं, आंबटपणा मागून यायचा, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, दारातच चप्पल काढून. दुपारी आम्ही सगळे डबे घेऊन त्या बरणीभोवती जमायचो.

आमच्याकडं दूध घालणाऱ्या रंभाजी तात्यांचा एक प्रसंग सांगतो. त्यांचं दूध एकदा चाचणीत लागेना, म्हणजे विरजण घालून दही होईना. मी दूध उतरवायच्या धक्क्यावर चारचौघांत त्यांना फैलावर घेतलं. सर बाहेर आले, तात्यांना हाताला धरून आत नेलं आणि त्यांच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या. दोन्ही तात्यांच्याच घरच्या गायींच्या. एकीत कवडीसारखं दही, दुसरीत नुसतं पाणचट दूध.

“तात्या, हिच्यात मंडळी नांदली. तिच्यात पाय ठेवला आणि मेली. कुठल्या गाईला सुई दिली?”

तात्यांनी पाणचट वाटी बोटानं जरा लांब सारली. मग म्हणाले, “काळीला दगडी झालीया. सड दगडावानी झाल्ते. डागदर म्हनला हुता, चार-पाच दिस दूध घालू नगा. पर मन ऐकंना.”

सरांनी वहीत काही लिहिलं नाही. एवढंच म्हणाले, की औषध चांगलं-वाईट निवडत बसत नाही, ते अख्ख्या गावावर पडतं. ज्यांनी काही केलं नाही तेही मरतात. तात्या गेले. ते वाक्य मात्र मी उचललं आणि पुढची कित्येक वर्षं तालुकाभर माझं म्हणून वापरलं. लोक माना डोलवायचे. रावसाहेबांचा अभ्यास लई.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. तो उन्हाळा मला सलग आठवत नाही, पाण्याखालून बघितल्यासारखा तुकड्यातुकड्यांनी आठवतो. रिकामा रस्ता. गुलमोहर असा फुललेला की बघवत नव्हता. अँब्युलन्स लांबून ऐकू यायची आणि गल्लीतली कुत्री आधीच गप्प व्हायची. सरांचा ताप सहाव्या दिवशीही उतरेना आणि त्यांना राहुरीजवळच्या एका मंगल कार्यालयात ठेवलं. तिथं तेव्हा खाटा टाकल्या होत्या. त्यांच्या खाटेच्या वरच ‘सुस्वागतम्’ची मखमली पाटी होती. मी खिडकीबाहेरून हात केला तर त्यांनी बोटानं ती पाटी दाखवली.

जाण्याआधी बरणी त्यांनी माझ्या हातात दिली होती. सूचना तीन. दूध उकळून कोमट करायचं. जुन्यातला एक चमचा नेहमी बाजूला राखून ठेवायचा. आणि दूध कुठल्या गाईचं, तिला काही दिलंय का, हे विचारून घ्यायचं. मी म्हणालो, सर, हे मला सांगता? तालुक्याला मी सांगतो.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या चंद्रीचं दूध वापरलं. घरची गाय, तिला काय विचारायचं? आणि उत्साहाच्या भरात बरणीतलं सगळंच्या सगळं विरजण ओतलं, म्हटलं सर येतील तेव्हा भरपूर असू दे. सकाळी बघतो तर दूध जसंच्या तसं. वाटलं, गारठा लागला असेल. मे महिन्यात. दुपारपर्यंत उन्हात ठेवलं. संध्याकाळी त्याला वेगळाच वास यायला लागला. तेव्हा सिंधू दारातून म्हणाली, “आवो, चंद्रीला परवा सुई दिली न्हाई का दगडीची? तुमीच तर धरली हुती तिला.”

धरली होती. मीच धरली होती.

आता इथं माणसानं काय करावं? सरळ फोन करून सांगावं. मी काय केलं? बाजारात जाऊन एका दुसऱ्या डेअरीचा दह्याचा डबा आणला, जिचं नाव आमच्या फाटकाच्या आत घ्यायला बंदी होती, आणि त्यातला चमचाभर दुधात घालून ते सरांच्या बरणीत लावलं. वर मलमलीचं तेच फडकं बांधलं. गाठसुद्धा सरांसारखी मारली. डेअरीत कुणाला कळलं नाही, कारण त्या उन्हाळ्यात निम्म्या तालुक्याच्या जिभा रजेवर होत्या.

सर कामावर परत आले ते अर्धे. ताप गेला होता, खोकला गेला होता, पण माणूस कुठंतरी मागं राहिला होता. रक्तातली साखर, जी कधी नव्हती, ती वर चढून बसली. भूक अशी की समोर ताट आलं की पोट भरायचं आणि ताट उचललं की भुकेनं कालवायचं. पोटात दिवसभर गुरगुर. भरदुपारी बोलता बोलता झोप लागायची आणि झोपेच्या वेळी डोळे टक्क. बातम्या ऐकताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि सर आश्चर्यानं गाल पुसायचे, छप्पर गळतंय की काय असं बघत. ओळखीतल्या दोघातिघांनी सांगितलं, मनाचं आहे, मन घट्ट करा. सर म्हणाले, मन घट्टच आहे, शौचाला पातळ होतंय.

शेवटी राहुरीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. सोबत मी होतो, म्हणून ऐकलं. हा विषाणू नुसता छातीचा नाही. शरीरात शिरताना तो पेशींच्या दारावरच्या ज्या कड्यांना हात घालतो त्या आतड्याच्या अस्तरावरही भरपूर असतात. तिथं तो गेला की पोटातल्या चांगल्या जिवाणूंची वस्ती विस्कटते. वर आपण भीतीपोटी घेतलेली अँटिबायोटिक औषधं. आणि ती वस्ती नुसती अन्न पचवत नाही. भूक कधी लागावी, साखर किती राहावी, झोप केव्हा यावी, याचे निरोप देणारे जे हार्मोन्स असतात त्यांच्याशी तिचं बोलणं चालू असतं. वस्ती उठली की निरोप चुकतात. त्यात जीव वाचवायला दिलेली स्टेरॉईड्स साखर वाढवतात ती वेगळीच. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, यातलं किती कशामुळं, हे अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. थायरॉईड तपासू, साखरेची गोळी घ्या, डाळी, भाज्या, ज्वारी हळूहळू वाढवा, आणि वेळ द्या.

परत येताना सर माझ्या गाडीवर मागं बसले होते. कालव्याच्या पुलावर म्हणाले, थांबवा. उतरून कठड्याला टेकले. खाली पाणी सुटलेलं, त्यावर ढग वाहत चालले होते.

म्हणाले, “रावसाहेब, मी तात्यांची दुसरी वाटी झालो.”

पण ते खचले नाहीत. उलट त्यांना स्वतःच्या पोटात रस वाटायला लागला. बरणीतल्या मंडळींशी बोलणारा माणूस आता आतल्या मंडळींशी बोलू लागला. डोळे मिटून सांगायचे: पूर आलेल्या गावासारखं दिसतंय. घरं आहेत, माणसं नाहीत. दवंडीवाला आहे पण त्याला काय ओरडायचं ते आठवत नाही, म्हणून तो दुपारीच ‘निजा’ म्हणून ओरडत सुटतो. बोलताना चेहरा इतका शांत की ऐकणाऱ्यालाही झोप यावी. मला मात्र घाम फुटायचा, कारण सरांनी आपल्या बरं होण्याचं एक माप ठरवलं होतं. रोज सकाळी अनशापोटी एक चमचा दही, बरणीतलं. ज्या दिवशी ते आपल्यासारखं लागेल त्या दिवशी समजायचं, मंडळी परत आली.

रोज सकाळी मी प्रयोगशाळेत असायचो. सर चमचा तोंडात धरायचे, डोळे मिटायचे, खिडकीबाहेर ऊस सळसळायचा. मग मान हलवायचे.

“अजून नाहीत आली.”

मी म्हणायचो, “येतील, सर.”

पावसाळा सरला. डॉक्टरीणबाईंच्या कागदांवर सर सुधारत होते. साखर आवाक्यात, थायरॉईड जागेवर येत चाललेला, वजन दोन किलो वर. झोपसुद्धा बरी. पण सरांचा कागदावर विश्वास नव्हता, जिभेवर होता, आणि जीभ रोज सांगत होती की तू तू नाहीस. मला हे दिसत होतं. शंभरदा तोंडाशी आलं. एकदा तर ‘सर, ते दही’ इथपर्यंत पोचलो आणि पुढं ‘थोडं साखर घालून बघा’ असं म्हणालो. साखरेच्या पेशंटला.

दिवाळीच्या आधी सरांनी माझ्या हातात एक लिफाफा दिला. म्हणाले, हेडऑफिसला जाताय तर मॅनेजरसाहेबांना द्या. चिकटवलेला नव्हता. कालव्याकाठी गाडी लावून मी वाचला. चांगल्या सवयी मला कधीच नव्हत्या. राजीनामा होता. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की आजारानंतर माझ्या जिभेची मला खात्री उरलेली नाही, ज्याला स्वतःच्या तोंडातलं ओळखता येत नाही त्यानं लोकांच्या दुधावर सही करू नये, तरी मला मोकळं करावं.

तिथं बांधावर मी किती वेळ बसलो कोण जाणे. ऊस तुऱ्यावर आला होता, वारा सुटला की सगळं शिवार पांढरं होऊन डुलायचं. वाटलं, हे कुणाला सांगायची गरजच नाही, कालव्यात टाकून द्यावा लिफाफा. मग वाटलं, रावसाहेब, हे पुन्हा तेच.

मी परत गेलो. सर नळ्या धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चंद्री, सुई, सगळं विरजण ओतलं ते, बाजारातला डबा, गाठ. सरांनी नळ बंद केला.

“राखून ठेवलेला चमचा?”

“न्हाई ठेवला, सर.”

“कुठल्या डेअरीचं दही?”

मी नाव सांगितलं. फाटकाच्या आत, पहिल्यांदाच.

सर स्टुलावर बसले. मला वाटलं रडतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं, त्या निळ्या नळ्यांसारखं, खालून वर. “म्हणजे ती खरं बोलत होती,” ते स्वतःशीच म्हणाले. “जीभ. रोज खरं बोलत होती बिचारी.”

मी सुटलो असं मला वाटलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाठीमागं नाही, माझ्याकडं.

“विरजण मेलं त्याचं काही नाही, रावसाहेब. विरजणं मरतात. पण सहा महिने तुम्ही मला माझ्याच तोंडात खोटं ठरवलंत.”

बास. आवाज चढला नाही. लिफाफा घेऊन त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा नळ सुरू केला. पुढं महिनाभर ते माझ्याशी फक्त कामाचं बोलले, तेही ‘आपण’ म्हणून. तो महिना माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब. सिंधूनं एकदा विचारलं, सर काय म्हणत्यात? मी म्हणालो, मला ‘आपण’ म्हणत्यात. ती म्हणाली, मग बरीच कडक शिक्षा दिली म्हणायची.

राजीनामा कधी दिलाच गेला नाही. वय होईपर्यंत, आणखी दोन वर्षं, सरांनी दुधावर सह्या केल्या. साखरेची गोळी कायम राहिली. दुपारचा डोळा लागण्याची सवयही गेली नाही. बरणीतलं ते दुसऱ्या डेअरीचं पोर मी उकिरड्यावर टाकायला निघालो होतो, पण सरांनी अडवलं. त्याचा काय दोष, म्हणाले. त्यालाच रोज दूध घालत राहिले.

निवृत्तीनंतर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. माघाचं ऊन, अंगणात पपईची सावली, चर्चच्या बाजूनं पोरांच्या क्रिकेटचा आवाज, तोही झोपाळल्यासारखा. सर खुर्चीत होते, अंगावर शाल. मार्थावहिनींनी दोन वाट्यांत दही आणलं. सरांनी खाल्लं, वाटी खाली ठेवली. मग मला म्हणाले, सांगा कसं आहे.

इतक्या वर्षांत सरांनी मला चव कधी विचारली नव्हती. मी सावकाश खाल्लं. सवयीनं ‘एक नंबर’ ओठांवर आलं होतं.

“आंबट हाय, सर,” मी म्हणालो. “आधीच्यासारखं न्हाई. न्हाईच.”

“नाहीच,” सर म्हणाले, आणि समाधानानं हसले. “मीही नाही.”

मग त्यांचा डोळा लागला. वहिनींनी तोंडावर बोट ठेवलं आणि वाट्या उचलल्या. मी थोडा वेळ बसलो. ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीकडं गेलं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले हृदय. मला दिसतात ते त्या दुपारचे: मान जराशी एका बाजूला, आणि तळहात पोटावर टेकलेला, आत कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि त्यातला एकही शब्द सुटू नये असा.